दोन ठोक्यांच्या मधले क्ष-किरण

जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास कास पठारावर किंवा सांगलीतल्या एखाद्या गच्चीवर उभं राहिलं, की वृषभ रास जवळजवळ डोक्यावर असते. तांबूस रोहिणी लगेच सापडते. बैलाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी खेकडा तेजोमेघ आहे, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी तिथंच एक नवा तारा नोंदवला होता. काही दिवस तो भरदिवसाही दिसला. स्फोट झालेल्या त्या ताऱ्याचा उरलेला गाभा म्हणजे आजचा न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून जास्त, व्यास मात्र सुमारे २० किलोमीटर, म्हणजे सातारा ते कास एवढाही नाही. आणि तो सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो!

त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या कित्येक लाख कोटी पट आहे. ते एवढ्या वेगानं फिरलं की प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. त्यानं इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या जवळ पोचतात आणि चुंबकीय रेषांभोवती वळताना क्ष-किरण सोडतात. हा सगळा खर्च गिरकीच्या ऊर्जेतून भागतो. म्हणून एका गिरकीचा वेळ रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. एवढ्याशा मंदावण्यातून मोकळी होणारी ऊर्जा सूर्याच्या तेजाच्या लाखपटीहून अधिक भरते.

हे किरण वातावरणातच अडतात, कासपर्यंत पोचत नाहीत. म्हणून उपकरणच वर न्यावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह अवकाशात गेला. त्यावरचं सीझेडटीआय हे क्ष-किरण टिपणारं उपकरण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या पुढाकारानं घडलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही त्यात मोठा वाटा होता. या उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे जेमतेम अडीच मिलिमीटरचे चौकोन शेजारी शेजारी बसवलेले आहेत. जोरकस क्ष-किरण एका चौकोनावर आदळून शेजारच्या चौकोनात उडतो. तो कोणत्या बाजूला जास्त वेळा उडतो हे मोजलं, की किरणांच्या कंपनांची दिशा, म्हणजे ध्रुवीकरण, कळतं, आणि त्यावरून किरण जिथं जन्मले तिथल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा.

संतोष वडवळे, ए. आर. राव, दीपंकर भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी याच उपकरणाच्या मोजमापांवरून २०१७ मध्ये मांडलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक गिरकीत खेकडा तेजोमेघातल्या या ताऱ्याकडून क्ष-किरणांचे दोन ठोके येतात. त्यांच्यामधल्या निवांत काळात ताऱ्याकडून फारसं काही येत नाही, उरतो तो भोवतालच्या तेजोमेघाचा स्थिर उजेड, असंच धरलं जाई. पण ध्रुवीकरण सर्वांत झपाट्यानं बदलताना दिसलं ते नेमकं त्याच काळात. तेव्हाच्या प्रचलित सिद्धांतांपैकी एकातही हे धड बसलं नाही.