जुनं ईमेल खातं बंद करताय? जरा थांबा!

एक साधा प्रश्न. तुमची ईमेल खाती किती? बहुतेक जण पटकन 'दोन' म्हणतात. एक स्वतःचं, एक कॉलेजचं. पण जरा आठवायला लावलं की यादी वाढायला लागते. अकरावीच्या ऑनलाईन फॉर्मसाठी नेट कॅफेवाल्या दादानं काढून दिलेलं एक. गेमसाठी खोटं वय टाकून काढलेलं एक. शाळेत असताना भारी वाटणाऱ्या, पण आता बायोडाटात लिहायची लाज वाटेल अशा नावाचं एक. आणि स्टाफमधल्या मंडळींची यादी तर थेट याहू, हॉटमेल आणि रेडिफच्या जमान्यात जाऊन पोचते.

यातली निम्मी खाती आपण वापरत नाही. त्यांचं काय करायचं याबद्दल होस्टेलवर दोन पंथ आहेत. पहिला 'असू दे रे, काय खातंय का ते?' वाला. दुसरा 'टाक डिलीट करून, हाय काय नाय काय!' वाला. माझं म्हणणं असं की दोन्ही पंथ सारखेच गोत्यात आणणारे आहेत. खातं बंद करावंच, पण क्रमानं. तो क्रम सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

टपालपेटी नव्हे, किल्ल्यांचा जुडगा

ईमेल म्हणजे पत्रं येण्याची पेटी असं आपण समजतो. पण विचार करा, कुठल्याही साइटचा पासवर्ड विसरला तर आपण काय करतो? 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक करतो आणि नवीन पासवर्डाची लिंक ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकी सगळं. नोकरीची साइट, परीक्षेचं पोर्टल, कोड ठेवायची जागा, खरेदीचं खातं, सगळ्यांची किल्ली त्या एका जुडग्यात अडकवलेली असते. जुना जुडगा रस्त्यावर टाकून देणं जितकं वाईट, तितकंच कुठली कुलपं त्याने उघडतात हे न बघता विहिरीत फेकणंही वाईट.

2009 सालची गोष्ट

हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून घडलेली हकीकत सांगतो. 2009 साली 'हॅकर क्रॉल' असं टोपणनाव घेतलेल्या एका फ्रेंच माणसानं ट्विटर कंपनीची शेकडो अंतर्गत कागदपत्रं मिळवली. त्यातली 310 कागदपत्रं त्यानं 'टेकक्रंच' या वृत्तसंस्थेला पाठवून दिली. त्याने काही फार मोठं सॉफ्टवेअर लिहिलं होतं का? अजिबात नाही. त्याने ट्विटरच्या एका कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर 'पासवर्ड विसरलो' असं सांगितलं. जीमेलनं कळवलं की लिंक तुमच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवली आहे, आणि त्या पत्त्याची अर्धवट झाकलेली अक्षरं दाखवली. त्यावरून तो हॉटमेलचा पत्ता आहे हे ओळखू आलं. ते हॉटमेल खातं बरेच दिवस न वापरल्यामुळे बंद पडलं होतं आणि तो पत्ता पुन्हा कुणालाही घेता येत होता. क्रॉलनं तो स्वतःच्या नावावर घेतला, पुन्हा लिंक मागवली आणि जीमेल उघडलं.

पुढची चलाखी बघा. जुन्या मेल्समध्ये त्याला दुसऱ्या एका साइटनं पाठवलेला पासवर्ड सापडला. त्याने जीमेलला तोच पासवर्ड लावला. मूळ मालक नेहमीसारखा लॉगिन होत राहिला, त्याला पत्ताच नाही! तोच पासवर्ड ऑफिसच्या खात्यालाही चालला. 2010 साली फ्रेंच पोलिसांनी क्रॉलला पकडलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणजे तीन गोष्टी जुळून आल्या: विसरलेला रिकव्हरी पत्ता, इनबॉक्समध्ये पडून राहिलेला पासवर्ड, आणि सगळीकडे एकच पासवर्ड. आपल्या विंगमध्ये या तिन्ही गोष्टी किती जणांच्या बाबतीत खऱ्या आहेत, ते ज्याचं त्यानं ठरवावं!

कंपन्यांचे नियम सारखे नसतात

बंद झालेला पत्ता पुन्हा दुसऱ्याला देतात का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जीमेलचा पत्ता एकदा डिलीट केला की तो पुढे कुणालाच मिळत नाही, अगदी तुम्हालाही नाही. याहूनं मात्र 2013 साली बारा महिने न वापरलेले पत्ते नव्या लोकांना वाटायचं जाहीर केलं. लवकरच तक्रारी आल्या, कारण नव्या मालकांना जुन्या मालकांची खाजगी पत्रं यायला लागली. त्यावर तोडगा म्हणून याहू आणि फेसबुकच्या इंजिनिअरांनी ईमेलच्या हेडरमध्ये एक नवीन ओळ सुचवली आणि जुलै 2014 मध्ये ती आरएफसी 7293 म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा अर्थ असा: 'हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच हे पत्र द्या.' कल्पना झकास आहे. पण पाठवणारा ती ओळ घालेल आणि घेणारा ती पाळेल तेव्हाच तिचा उपयोग. तिच्या भरवशावर झोपू नये.

'असू दे' पंथासाठीही बातमी आहे. मे 2023 मध्ये गूगलनं जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर 2023 पासून टप्प्याटप्प्यानं काढून टाकली जातील. मायक्रोसॉफ्टचाही साधारण दोन वर्षांतून एकदा तरी लॉगिन करा असाच नियम आहे. म्हणजे खातं तुम्ही बंद केलं नाही तर ते कधीतरी आपोआप बंद होणारच. फरक एवढाच की तेव्हा तुमची तयारी झालेली नसेल.

(जाता जाता: 'तुमचं खातं बंद होणार आहे, वाचवण्यासाठी इथे क्लिक करा' असे मेल येतात, त्यातले बरेच बनावट असतात. अशा लिंकवर जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करा.)

टोपोलॉजिकल सॉर्ट कामाला येतो!

आता क्रमाकडे वळू. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात आपण ग्राफ काढतो, तसाच इथे काढायचा. एका कागदावर तुमची सगळी ईमेल खाती आणि महत्त्वाच्या साइट्स गोलात लिहा. ज्या खात्याचा पासवर्ड ज्या ईमेलवरून परत मिळतो, त्या ईमेलकडे बाण काढा. नियम एकच: ज्या गोलाकडे एकही बाण येत नाही, तोच पुसायचा. आधी बाण वळवा, मग गोल पुसा. मेकॅनिकलच्या मित्रांना सोप्या भाषेत सांगायचं तर इंजिन खोलताना आधी जोडलेले पाइप काढतो, मग ब्लॉक उचलतो, तसंच.

कधी कधी दोन खाती एकमेकांची रिकव्हरी असतात, म्हणजे ग्राफमध्ये सायकल तयार होते. अशा वेळी चालू मोबाईल नंबर देऊन आधी ते चक्र तोडा. नंबर मात्र खरंच तुमचा हवा. कॅफेवाल्या दादाचा किंवा तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा नको. बंद नंबर आपल्या देशात किमान 90 दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकतो, आणि तुमचा ओटीपीही.

प्रत्यक्ष पायऱ्या अशा:

1. शोध. जुन्या इनबॉक्समध्ये 'वेलकम', 'व्हेरिफाय', 'ओटीपी', 'रजिस्ट्रेशन', 'पासवर्ड', 'इनव्हॉइस' हे इंग्रजी शब्द टाकून शोधा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बघा. गूगलच्या सेटिंगमध्ये कुठल्या ॲप्सना तुमचं खातं जोडलंय त्याची यादी असते, तीही बघा.

2. बाण वळवा. प्रत्येक साइटवर जाऊन नवा ईमेल लावा. लक्षात घ्या, बऱ्याच साइट्स बदलाची खात्री करायला जुन्या पत्त्यावरच मेल पाठवतात. म्हणजे जुनं दार बंद करण्याचं काम जुन्या दारातूनच करावं लागतं! 'गूगलनं साइन इन करा' असं बटण दाबून जिथे खातं उघडलं, तिथे तर वेगळा पासवर्डच नसतो. तिथे आधी पासवर्ड तयार करा, नाहीतर गूगल खात्याबरोबर तेही गेलं.

3. घरच्यांना विचारा. आपल्याकडे ही पायरी विसरून चालत नाही. बाबांचं बँकेचं केवायसी, आईची विमा पॉलिसी, आजोबांची पेन्शन, स्वतःचा महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे 'पोराचाच ईमेल टाक' म्हणून तुमचा पत्ता दिलेला असतो. त्यांना ते आठवतही नसतं. घरी एक फोन करा.

4. माल बाहेर काढा. जीमेलसाठी 'गूगल टेकआउट' वापरा. सगळे मेल एमबॉक्स फाइलमध्ये मिळतात आणि थंडरबर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतात. फाइल उतरली म्हणजे काम झालं असं नाही, उघडून बघा. ड्राइव्हमधल्या प्रोजेक्टच्या फाइली तुमच्या मालकीच्या असतील, तर खात्याबरोबर त्या अख्ख्या ग्रुपसाठी गायब होतात. आधी मित्रांना कॉपी करून घ्यायला सांगा.

5. वाट बघा. जुन्या खात्यातून नव्याकडे फॉरवर्डिंग लावा आणि काय काय येतं ते बघा. किती दिवस? जो सिग्नल वर्षातून एकदाच येतो तो पकडायला विंडोही वर्षाची हवी. विम्याचा हप्ता, डोमेनचं नूतनीकरण, इन्कम टॅक्सची सूचना वर्षातून एकदाच येतात. एवढा धीर नसेल तर निदान मागच्या पूर्ण वर्षाचे मेल चाळा.

6. मग डिलीट. सगळीकडून लॉगआउट करा आणि खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं बंद करा. फोनमधून खातं काढणं किंवा ॲप अनइन्स्टॉल करणं म्हणजे डिलीट नव्हे, सर्व्हरवर ते जिवंतच असतं. मायक्रोसॉफ्ट मन बदलण्यासाठी 30 किंवा 60 दिवस देतं, सगळे देतातच असं नाही. खातं गेल्यावर तिथे येणारे मेल पाठवणाऱ्याकडे 550 या एररनं परत जातात. बँकेला ती एरर दिसेल, तुम्हाला नाही.

शेवटच्या वर्षाच्या मंडळींसाठी खास

कॉलेजचा ईमेल तुमचा नाही, कॉलेजचा आहे. गूगलनं 2021 साली शिक्षणसंस्थांची अमर्याद जागेची सोय काढून संस्थेमागे 100 टेराबाइटची एकत्रित मर्यादा जाहीर केली आणि जुलै 2022 पासून जुन्या संस्थांनाही ती लागू झाली. तेव्हापासून पास झालेल्यांची खाती ठेवणं कुठल्याही कॉलेजला जडच जातं. आपलं खातं किती तारखेपर्यंत चालेल हे कॉम्प्युटर सेंटरमध्ये विचारून घ्या. गेटचं स्कोअरकार्ड तीन वर्षं चालतं, पण फॉर्म कॉलेजच्या ईमेलवरून भरला असेल तर पोर्टलचा विसरलेला पासवर्ड कुठे येणार? टेकआउटमध्ये कॉलेजच्या खात्यातले मेल आणि फाइली वैयक्तिक खात्यात नेण्याची सोय आहे. कॉलेजनं ती चालू ठेवलेली असावी लागते आणि कॉपी व्हायला आठवडाभरही लागू शकतो. म्हणून सेंड-ऑफच्या रात्री बसू नका.

फेस्टसाठी घेतलेल्या डोमेनचंही असंच. पैसे भरायचे थांबले की डोमेन बाजारात येतं. ज्यानं ते विकत घेतलं त्याला त्या डोमेनच्या सगळ्या पत्त्यांवरचे मेल मिळू शकतात. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सुरक्षा संशोधकांनी बंद पडलेल्या स्टार्ट-अपचं डोमेन विकत घेऊन कर्मचाऱ्यांच्या जुन्या खात्यांत शिरता येतं हे दाखवून दिलं. तेव्हा फेस्ट कमिटीनं चार्ज देताना रोख शिल्लक आणि बॅनर यांच्याबरोबर त्या डोमेनवरून उघडलेली खातीही पुढच्या टीमला द्यावीत किंवा आधी बंद करावीत.

सगळंच डिलीट करायचं का?

नाही. मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत माझी तीन जुनी खाती हातात घेतली. दोन बंद केली, तिसऱ्याकडे घरच्यांचे इतके बाण येत होते की ते ठेवलं. पण ठेवलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं नाही. जुने मेल उतरवून इनबॉक्स रिकामा केला, नवा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं, रिकव्हरी नंबर बदलला आणि कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांनी लॉगिनची आठवण टाकली. जिथे पत्ता पुन्हा दुसऱ्याला मिळू शकतो, तिथे तर रिकामं पण कुलूपबंद खातं हे डिलीट केलेल्या खात्यापेक्षा बरं.

सगळ्याला मिळून चार संध्याकाळी लागल्या. त्यातली पहिली फक्त कागदावर गोल आणि बाण काढण्यात गेली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आणि हो, काम झालं की तो कागद नीट फाडून टाका. मेसच्या टेबलावर विसरू नका!