पाहुणी रेघ

2023 सालच्या जानेवारीत एका सकाळी माझ्या भाचीचा कॅनडाहून फोन आला. ती विनिपेगला असते. इकडे माझा पहिला चहा व्हायचा होता आणि तिकडे रात्रीची जेवणे आटोपली होती.

“आत्या, गोधडी पोचली गं! पण तिच्यावर तू हे काय काढून पाठवलं आहेस?”

मी म्हटले, “काढायचंय काय? टाके घातलेत.”

“टाके दिसताहेत. पण टाक्यांच्या शेजारी निळ्या रेघा आहेत. सगळ्या गोधडीभर! नकाशा काढल्यासारख्या.”

तिने फोनवरच गोधडी उलगडून दाखवली आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी स्वतः इस्त्री फिरवून घालवलेल्या रेघा, एकूण एक, परत आल्या होत्या! रत्नागिरीहून निघताना गोधडी स्वच्छ होती. चार माणसांनी ती उलटसुलट पाहिली होती. आणि ही काही बाजारातली चादर नव्हती. वरचा थर माझ्या आईच्या फिकट अबोली सुती लुगड्याचा होता. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिची दोनच लुगडी माझ्यापाशी उरली होती. त्यांतले एक मी नातीसाठी कापले होते. ते काही पुन्हा मिळणारे नव्हते.

त्या दिवसापासून कापडावर रेघ कशाने मारावी, या विषयाचा मी जो नाद घेतला तो अजून सुटलेला नाही. घरातल्या मंडळींनी माझी पुष्कळ थट्टा केली. पण हल्ली शहरांतल्या घरांतही गोधडीची हौस पुन्हा आली आहे, तेव्हा माझी फजिती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून हे लिहिते आहे.

खरे म्हणजे आमच्या आईला रेघेची गरज कधी पडलीच नाही. कोकणातली साधी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे, कोपऱ्यांवर पाट ठेवायचे आणि कडेपासून धावदोरा घालीत आत आत यायचे. पहिली ओळ कडेला समांतर; दुसरी ओळ पहिलीला. मधले अंतर दोन बोटांचे. बोट हीच पट्टी आणि आधीची ओळ हीच रेघ. पडवीत बसून गप्पा मारता मारता गोधडी भरत जाई.

पण आपल्याला हौस! नातीच्या घरी, सातासमुद्रांपलीकडे जायची गोधडी. मग तिच्यावर कोयऱ्या हव्यात, मध्ये कमळ हवे. हापूस आंब्याच्या गावची गोधडी कोयरीवाचून शोभेल कशी? आणि कोयरी आली की रेघ आली. वळणे काही बोटांनी मोजता येत नाहीत.

रेघ मारायची म्हणजे ती नुसती दिसून भागत नाही. टाके पूर्ण होईपर्यंत ती टिकली पाहिजे आणि काम झाले की निमूटपणे निघून गेली पाहिजे. थोडक्यात, रेघ पाहुण्यासारखी हवी. आधी येऊन उपयोगी पडणारी आणि वेळेवर उठणारी! लखनौच्या चिकनकामाचे कारागीर हे पक्के जाणतात. ते लाकडी ठशाने, बहुधा निळीच्या कच्च्या रंगात, नक्षी कापडावर उठवतात, तिच्यावर भरतकाम करतात आणि शेवटी कापड धुऊन नक्षी घालवतात. आमच्या लहानपणी घरोघर भरतकामाचा नमुना उतरवीत तोही असाच. कागदावरच्या नक्षीला सुईने भोके पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावरून फिरवायची. ज्यांनी घाईने कार्बन कागद वापरला त्यांच्या उशांच्या अभ्य्रांवर ती नक्षी कायमची राहिली.

आता माझे काय चुकले ते सांगते. नातवाच्या दप्तरात एक पेन होते. लिहिलेले त्याच्याच बुडाच्या रबराने घासले की नाहीसे होई. मी ते चिंधीवर ओढून पाहिले, वरून इस्त्री फिरवली, आणि रेघ गायब! मला कोण आनंद झाला. सगळ्या कोयऱ्या त्याच पेनाने काढल्या. पेन कागदासाठी होते. कापडावर चालेल असे त्याच्या वेष्टनावर कुठेच लिहिलेले नव्हते. तेव्हा दोष पेनाला देता येत नाही.

या शाईचा शोध जपानात लागला आणि 2006 साली तिची पेने प्रथम युरोपच्या बाजारात आली. शाईत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत रंग, त्या रंगाला उठाव देणारा पदार्थ आणि उष्णतेप्रमाणे त्या दोघांना एकत्र आणणारा किंवा दूर करणारा तिसरा पदार्थ. सुमारे 60 अंश सेल्सियसला जोडी फुटते आणि शाई रंगहीन होते. रबराने घासल्यावर होते तेही हेच. घर्षणाची ऊब पुरते. म्हणजे इस्त्रीने शाई जात नाही. ती तिथेच राहते, फक्त दिसत नाही. आणि थंडी शून्याखाली दहा अंशांच्या पलीकडे गेली की जोडी पुन्हा जमू लागते. उणे 20 च्या सुमारास रंग पुरता परततो. त्यानंतर गोधडी उबदार खोलीत आणली तरी रेघा जात नाहीत. पुन्हा 60 अंशांचा चटका बसेपर्यंत ठाण मांडून राहतात.

रत्नागिरीत हे आयुष्यभर कळले नसते. आमच्याकडे पौषातल्या पहाटे पातळ शाल घेतली की भागते. विनिपेगची जानेवारी निराळी. तिथे पारा उणे 20 च्या खाली जाणे ही नवलाई नाही. आमचे पुडके भाचीच्या दाराबाहेर दिवसभर पडून होते. रेघांना तेवढे बोलावणे पुरले.

मग मी कापडासाठीच केलेली पेने मागवली. त्यांत मुख्य दोन जाती. एक पाण्याने जाणारे, बहुधा निळे. दुसरे हवेने जाणारे, बहुधा जांभळे.

निळ्याची रेघ ठसठशीत उठते आणि आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून मोठ्या कामाला ते चांगले. मात्र त्याचे पथ्य कडक आहे. रेघ आधी नुसत्या गार पाण्याने घालवायची. साबण नंतर, इस्त्री तर सर्वांत शेवटी. क्रम चुकला, विशेषतः रेघेवर आधी इस्त्री फिरली, तर ती तपकिरी होऊन बसते आणि मग तिला घालवणे कठीण. दुसरे असे की ओल्या फडक्याने नुसते टिपून भागत नाही. शाई पाण्याबरोबर खालच्या थरांत उतरते आणि गोधडी वाळू लागली की वर चढून पुन्हा दिसते. संपूर्ण गोधडी पाण्यात बुडवावी, दोनदा पाणी बदलावे, तेव्हा ती खरी जाते.

जांभळ्या पेनाची गंमत समजायला आपले स्वयंपाकघर पुरे आहे. पातळावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे कोणाला ठाऊक नाही? क्षाराने एक रंग, आम्लाने दुसरा. हवेने उडणारी शाई बहुधा याच तत्त्वावर चालते. तिच्यात थोडा क्षार असतो तोवर रंग दिसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आणि दमट हवेतले पाणी मिळून तो क्षार मारतात आणि रंग नाहीसा होतो. पण हळदीसारखेच इथेही द्रव्य कापडातच असते. माझ्या एका तुकड्यावर कपड्याच्या साबणाचे पाणी पडले आणि गेलेली रेघ पुसटशी पुन्हा डोकावली! म्हणून जांभळी रेघ आपोआप गेली तरी तो भाग साध्या पाण्याने खळबळून घ्यावाच.

शिवाय ही पेने जिथे घडतात तिथे आमचा पावसाळा नसतो. रत्नागिरीत वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची दमट हवा बाराही महिने घरात असते. आषाढात मी सकाळी जांभळ्या पेनाने कमळ काढले, जेवणे आटोपून, भांडी आवरून सुईदोरा घेऊन बसले, तो निम्म्या पाकळ्या नाहीशा! कोरड्या हवेत हीच रेघ एकदोन दिवसही राहते. तेव्हा जांभळे पेन वापरायचे तर आज शिवायचे तेवढेच आज काढावे.

आणि निळे पेन पावसाळ्यात वापरू नये, याचे कारण त्याहून सोपे आहे. ते घालवायला गोधडी बुडवावी लागते, आणि आषाढात बुडवलेली गोधडी आमच्याकडे वाळते कुठे? चार दिवसांत तिला कुबट वास यायचा. निळ्या पेनाचे काम दिवाळीनंतर, उन्हे लागली की काढावे.

गडद कापडावर यातले एकही पेन कामाचे नाही. माझ्याकडे उरलेले आईचे दुसरे लुगडे काळी चंद्रकळा आहे. तिच्यावर निळे दिसत नाही, जांभळे दिसत नाही, आणि इस्त्रीने जाणाऱ्या पेनाचा तर रंग गेल्यावर पांढुरका माग उरतो. तिथे आपला जुना शिंप्याचा खडू बरा. मात्र खडू दोन प्रकारचे मिळतात. भुकटी होणारा खडू झटकला की जातो. मेणचट असेल तर इस्त्रीखाली वितळून तेलकट डाग ठेवू शकतो. बोटांत चुरून पाहिले की फरक कळतो.

सर्वांत स्वस्त साधन तर न्हाणीघरातच असते. अंघोळीच्या साबणाची झिजून झिजून उरलेली पातळ चकती वाळवून ठेवावी. तिची धार गडद कापडावर सुरेख पांढरी रेघ काढते, आणि धुताना ती पाहुणी स्वतःच साबण होऊन कामाला लागते!

काहीच न लावता रेघ मारण्याचीही रीत आहे. जपानात शिवणकाम करणाऱ्या बायका हाडाच्या बोथट पट्टीने कापड दाबून खूण करतात. तिला ‘हेरा’ म्हणतात. आपण चमच्याच्या दांड्याचे गुळगुळीत टोक किंवा नख वापरावे. तीनचार थरांच्या गोधडीवर ही खोलगट रेघ शिवण्यापुरती छान दिसते आणि मागे काही ठेवीत नाही. फुलाफुलांच्या छापील कापडावर मात्र ती हरवते.

साधी शिसपेन्सिल हलक्या हाताने चालते असे पुष्कळजणी सांगतात. माझा अनुभव असा की हात नेहमी हलका राहत नाही. आणि बॉलपेनाला कापडाजवळही येऊ देऊ नये.

आता मी कोणतेही साधन परीक्षा घेतल्याशिवाय वापरत नाही. ज्या कापडाची गोधडी त्याचीच वीतभर पट्टी काढते आणि तिच्यावर हाताशी असतील त्या सगळ्यांनी एकेक रेघ मारते. मग पट्टीचे चार तुकडे करते. एक तुकडा गार पाण्यात, एक साबणाच्या पाण्यात, एक इस्त्रीखाली. चौथ्यावर इस्त्री फिरवून तो डब्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवते. घरचा फ्रीझर उणे 18 अंशांच्या आसपास असतो. विनिपेगच्या थंडीचे बिंग तिथे एका रात्रीत फुटते. सकाळी दूध काढायला गेलेल्या सूनबाईंना चिंध्या सापडल्या तेव्हा घरात काय संवाद झाला तो इथे सांगत नाही.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट कळते, आणि जुन्या लुगड्यांच्या बाबतीत तीच महत्त्वाची. रेघ जाते की नाही याबरोबर कापडाचा स्वतःचा रंग राहतो की नाही, तेही दिसते. लाल काठ भिजवून फिकट अंगावर उतरला तर रेघेपायी लुगडेच गमावण्याची पाळी. तसे होणार असेल तर पाण्याने जाणारी रेघ मारूच नये. खडू किंवा नख यांवर भागवावे. पेन दुसरे आणता येते, लुगडे नाही.

त्या अबोली गोधडीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी भाचीला म्हटले, “घाबरू नकोस, इस्त्री फिरव, रेघा जातील. फक्त गोधडी थंडीत बाहेर ठेवू नकोस.”

ती म्हणाली, “नको, राहू दे. आता मला कळतं, तू रेघ कुठे पाळलीस आणि कुठे सोडलीस ते. चौथ्या कोयरीला तुला झोप आली होती ना?”

मी कबूल केले नाही. पण चौथी कोयरी शिवताना मी खरोखरच पेंगत होते.

यंदा तिच्या घरी पाळणा हलणार आहे. बाळाचे दुपटे मी पुन्हा कोयऱ्यांचेच करते आहे. वरचा थर चंद्रकळेचा आहे, आणि रेघा साबणाच्या आहेत.