भांड्याआधीचा आवा

माणूस शेती करू लागला, धान्य साठवायला त्याला रांजण लागले आणि त्यातून कुंभारकाम जन्मलं, असं आपल्याला शाळेत शिकवलं जातं. प्रत्यक्षात माती भाजण्याची विद्या शेतीपेक्षा कितीतरी जुनी आहे. ती शिकाऱ्यांच्या वस्तीत जन्मली आणि तिची सुरुवात भांड्यापासून झालीच नाही.

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोराविया भागात डोल्नी व्येस्तोनित्से नावाचं गाव आहे. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, मॅमथच्या मुलखात राहणाऱ्या शिकाऱ्यांची तिथे वस्ती होती. कारेल आब्सोलोन यांच्या उत्खननात १३ जुलै १९२५ रोजी राखेच्या थरात भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती दोन तुकड्यांत सापडली. उंची जेमतेम अकरा सेंटिमीटर. भाजलेल्या मातीच्या सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये तिची गणना होते. तिच्या पाठीवर बोटाचा एक ठसा उमटलेला आहे. तो सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे अस्वल, सिंह, मॅमथ, गेंडा अशा प्राण्यांचे छोटे आकार आणि नुसतेच मातीचे गोळे मिळून हजारो तुकडे या परिसरात सापडले.

हे काम कसं होत असेल, ते मातीपासून पाहू. हिमयुगातल्या वाऱ्यांनी वाहून आणलेली बारीक, पिवळसर धूळ तिथे जाड थरांत साचलेली आहे. तिला लोएस म्हणतात. मूर्तीत हाडांची पूड मिसळली असावी, असं आब्सोलोन यांना वाटत होतं. पुढच्या तपासणीत मात्र या वस्तू स्थानिक लोएसच्याच निघाल्या. म्हणजे पायाखालची माती घ्यायची, तीत पाणी घालायचं आणि मळायचं. मातीतल्या चिकण खनिजांचे कण चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की एकावर एक ठेवलेल्या ओल्या काचांसारखे ते एकमेकांवरून सरकतात, पण सुटत नाहीत. म्हणून ओली माती दाबली की वाकते आणि सोडली की दिलेला आकार धरून ठेवते. प्राण्याचं धड, डोकं, पाय वेगळे करून जोडलेले काही नमुनेही तिथे सापडले आहेत.

वाळली की माती टणक होते, पण पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल. हा परतीचा रस्ता आगच बंद करते. शंभर अंशांच्या आसपास कणांमधलं मोकळं पाणी उडून जातं. पाचशे अंशांच्या सुमाराला खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं आणि ती रचना मोडते. त्यानंतर कितीही भिजवलं तरी चिखल होत नाही. डोल्नी व्येस्तोनित्सेच्या वस्तू पाचशे ते आठशे अंशांपर्यंत तापल्या होत्या. एवढी उष्णता चांगल्या पेटलेल्या उघड्या जाळातही मिळते. तरीही बोहुस्लाव क्लीमा यांना १९५१ मध्ये वस्तीपासून जरा दूर, उतारावर एक झोपडी सापडली. तिच्यात मातीच्या बांधाने वेढलेली चूल होती आणि भोवती मातीचे दोन हजारांहून अधिक तुकडे. हे काम वेगळ्या जागी, ठरवून होत होतं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते हे तुकडे. अखंड वस्तू जवळपास नाहीतच. पामेला वँडिव्हर, ओल्गा सॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्यांच्या भेगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडून किंवा दबून मोडलेली वस्तू एका तऱ्हेने तुटते आणि आगीत फुटलेली दुसऱ्या तऱ्हेने. ओला आकार एकदम जाळात गेला की आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती आतून माती फोडते. कित्येक तुकड्यांवर अशाच भेगा होत्या. याउलट वाळवलेली लोएस उष्णतेचा धक्का बऱ्यापैकी सोसते. तिला फोडायचं तर ती ओली असावी लागते. त्यावरून या अभ्यासकांनी सुचवलं की आकार मुद्दाम फोडले जात असावेत, त्या आवाजासाठी, त्या उडण्यासाठी. हे बिघडलेले नग असावेत, असंही म्हणता येईल. मला पहिला अर्थ पटतो. ही माती इतकी ओळखणाऱ्या लोकांना आकार आधी वाळवायला हवा, एवढं कळत नसेल हे मानणं जड जातं. वस्तू टिकवण्यापेक्षा ती भाजण्याचा प्रसंगच त्यांना महत्त्वाचा असावा.

भांड्याचं गणित वेगळं आहे. मूर्ती एकदाच आगीत जाते, पण स्वयंपाकाचं मडकं रोज चुलीवर चढतं आणि उतरतं. त्याची भिंत पातळ हवी, म्हणजे उष्णता लवकर आत जाईल. बूड गोल हवं, कारण कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा जातो. शिवाय मातीत भरड काहीतरी मिसळावं लागतं. त्यामुळे वाळताना माती कमी आकसते आणि पडलेली भेग त्या कणांपाशी अडते. आपल्याकडचे कुंभार यासाठी राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लीद भाजताना जळते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या श्यानरेनतोंग गुहेत सापडलेल्या खापरांत हेच काम दगडाच्या चुऱ्याने केलेलं आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ती सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे ऐन हिमयुगातली, शेतीच्या सुमारे दहा हजार वर्षं आधीची. चाक तर फार पुढचं. हे सगळं हातानेच घडवलेलं.

ही मडकी बनवणारेही शिकार, मासेमारी आणि रानातलं वेचणं यांवरच जगणारे होते. त्यांत काय शिजत होतं, याचं उत्तर जपानमध्ये मिळालं. तिथल्या सुरुवातीच्या जोमोन काळातल्या, सुमारे पंधरा ते बारा हजार वर्षांपूर्वीच्या खापरांना चिकटलेल्या करपलेल्या थरातली चरबी ऑलिव्हर क्रेग आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की त्यातली बहुतेक चरबी गोड्या किंवा खाऱ्या पाण्यातल्या जीवांची, मुख्यतः माशांची होती. मासा निखाऱ्यावर भाजला तर तेल गळून आगीत जातं. मडक्यात उकळला तर ते पाण्यावर तरंगतं आणि काढून घेता येतं.