बटन इथं दाबलं, लाईट तिकडं गेला!



फुलसावंगीच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी घरात रिमोटचे दोन लाईट बसवले. एक सयपाकघरात, एक सासूबाईंच्या खोलीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री उठून बोर्डापर्यंत जावं लागू नये म्हणून. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी झोपताना बटन दाबलं आणि इकडं ताई गरम तेलाची कढई उतरवत असताना सयपाकघरात अंधार! "मी तं माझ्याच खोलीचं बटन दाबलं वो," सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. चूक त्यांची नव्हती.

असं का होतं? रिमोट दोन प्रकारचे असतात. टीव्हीच्या रिमोटमधून सहसा डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो. भिंत आडवी आली की तो थांबतो. पण दार उघडं असलं तर भिंतीवर आपटून पलीकडंही जाऊ शकतो. दुसरा प्रकार रेडिओ लहरींचा. या लहरी भिंतीतून जातात. दार लावून बसलात तरी माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो ना, तसंच.

रिमोट कोणता हे ओळखायला मोबाईलचा सेल्फीचा कॅमेरा सुरू करा आणि रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरून बटन दाबा. जांभळट ठिपका चमकला तर रिमोट उजेडाचा. काहीच दिसलं नाही आणि भिंतीआडूनही लाईट लागला, तर लहरींचा.

लहरींचे बरेच स्वस्त रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतात. मग लाईटला आपला रिमोट कसा कळतो? बटन दाबलं की रिमोट एक कोड नंबर पाठवतो. लाईटमध्ये किंवा त्याला जोडलेल्या डबीत तो नंबर साठवलेला असतो. दोन लाईटमध्ये एकच नंबर बसला तर दोन्ही ऐकतात. एका घरात दोघींचं नाव शांता असलं तर हाकेला दोघी येणारच!

काही लाईट करंट आल्यावर पहिले काही सेकंद कोड शिकायला तयार असतात. ताईंकडं तेच झालं होतं. मेन स्विच टाकला आणि दोन्ही लाईट एकाच रिमोटचा कोड एकदम शिकले.

आता उपाय ऐका.

१. आधी जुना कोड पुसा. काही डब्यांवर त्यासाठी छोटं बटन असतं, काही लाईट बोर्डाच्या बटनानं बंद-चालू करावे लागतात. पद्धत वेगवेगळी असते, म्हणून खोक्यातला कागद फेकू नका.

२. एका खोलीला कोड शिकवताना दुसऱ्या खोलीच्या लाईटचा करंट बंद ठेवा. मग दुसऱ्या खोलीला दुसरा रिमोट किंवा त्याच रिमोटचं वेगळं बटन शिकवा.

३. काही रिमोटच्या आत बारीक खटक्यांची ओळ असते. ते खटके बदलले की कोड बदलतो. रिमोटमध्ये आणि डबीत रचना सारखीच ठेवा. डबी मात्र मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच उघडून घ्या.

४. उजेडाचा रिमोट असेल तर मधलं दार लावा किंवा पडदा ओढा.

५. कोड बदलताच येत नसेल तर वस्तू दुकानात परत करा. घेतानाच विचारा, "दोन खोल्यांसाठी कोड वेगळा करता येतो का?"

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. रिमोटनं लाईट बंद केला म्हणजे करंट बंद झाला असं नाही. तो डबीपर्यंत आलेलाच असतो. तुम्ही होल्डरला हात लावलेला आणि पलीकडच्या खोलीत लेकरानं सहज बटन दाबलं, तर? म्हणून बल्ब बदलायचा असो की पुसायचा, आधी मेन स्विच पाडा आणि घरातल्यांना सांगा.

ताईंकडं आता दोन रिमोट आहेत. सासूबाईंच्या रिमोटला लाल दोरा बांधलाय. तुमच्या घरी असे लाईट असतील तर आज उजेड असतानाच एकेक बटन दाबून बघा.