थकलेल्या हाताची सही

वाशी येथील एपीएमसी मार्केटांत माथाडीचें काम करणारे एक पालक गेल्या सत्रांत मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यास आले होते. लेखणी धरतांच त्यांचा हात कापूं लागला व सही रेघ सोडून गेली. शेजारीं मुलगा शरमेनें खालीं पाहत होता. "गुरुजी, चहा घेतला, घटकाभर बसलोंहि, आतां सांगाल तर गोण उचलीन. मग एवढी सही कां होईना?" असें त्यांनीं विचारिलें. प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचें उत्तर मुख्यतः त्या मुलासाठीं लिहीत आहों.

मेंदू एकेका स्नायुतंतूस वेगळा हुकूम देत नाहीं. पाठीच्या कण्यांतील एक चेतापेशी व तिच्या शाखा जेथें पोंचतात ते सारे तंतु मिळून एक 'प्रेरक घटक' होतो. डोळा फिरविणाऱ्या स्नायूंत अशा घटकांत दहापांच तंतु, तर पोटरींत हजाराहून अधिक. हलक्या कामास लहान व चिवट घटक आधीं लागतात. भार वाढला म्हणजे मोठे, जोरकस, पण लवकर दमणारे.

हुकूम तंतूवरून विजेच्या लहरीच्या रूपानें धांवतो. सोडियम आंत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो. गोणीचे कान बोटांनीं घट्ट धरून ठेवले म्हणजे हा पोटॅशियम तंतूबाहेर सांचतो, आणि लहर मंदावते. पण विसावा मिळतांच हा बिघाड कांहीं मिनिटांत बहुतेक भरून निघतो. चहानंतर ताजेंतवानें वाटतें, त्यांत हेंहि एक कारण असावें.

खरी अडचण आंत आहे. लहर पोंचली कीं तंतूंतील पिशव्यांतून कॅल्शियम सुटतें, व प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकून आकुंचन होतें. दमलेल्या तंतूंत फॉस्फेट सांचून धाग्यांची पकड ढिली पडते. कॅल्शियमहि कमी सुटतें. (जुन्या पुस्तकांतून सारा दोष लॅक्टिक आम्लावर ठेवीत, तें तितकेंसें अपराधी नाहीं.) १९५४ सालीं मर्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें आंगठ्याचा स्नायु दमवून त्याच्या चेतातंतूस बाहेरून विजेचे धक्के दिले. स्नायूवर लहर जवळजवळ पूर्वीइतकीच उमटली. जोर मात्र आला नाहीं. हाताचें रक्त अडवून धरलें तोंवर विश्रांतीनेंहि तो परतला नाहीं.

पुढें १९७७ सालीं एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, कष्टानंतर जलद हुकुमांस स्नायु लवकरच पूर्ववत् उत्तर देतो, पण संथ हुकुमांस कित्येक तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंतहि, दुबळें उत्तर देतो. गोण उचलतांना हुकूम जलद सुटतात. लेखणी धरतांना संथ. संथ हुकुमानें पुरेसें बळ येईना, म्हणून मेंदू मोठे घटकहि कामास लावतो. त्यांचें बळ ठोकळ पायऱ्यांनीं वाढतें, आणि हात कापतो. म्हणजे ते पालक बोलले तें अक्षरशः खरें होतें.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालीं शिफारस केली कीं, एका पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंहून अधिक असेल तेथें ती तितकी खालीं आणावी. महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. या गोष्टी फार मोलाच्या. तथापि एका गोणीचें वजन तराजूवर दिसतें. शंभराव्या खेपेचें दिसत नाहीं.

त्या मुलास हें सर्व आम्हीं फळ्यावर काढून दाखविलें. यंदा सही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीं, वडील कामावर जाण्यापूर्वीं घ्यावी, असें त्यानेंच सुचविलें.