सौम्य व्यायाम : मात्रा आणि मर्यादा

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांदशेकणीची आपल्याकडे जुनी रीत आहे. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याला हळद-लोणी चोळून शेक दिला जातो. त्याच वावरात वाकून निंदण करणाऱ्या बाईच्या कंबरेची विचारपूस मात्र क्वचितच होते. सावरगाव, पांढुर्णा व सौंसर या परिसराचे जीवन मुख्यत्वे कापूस आणि संत्र्यावर उभे आहे. निंदण, वेचणी, संत्र्याची तोडणी, भरलेले कॅरेट उचलणे या साऱ्यांचा भार अखेर पाठीवरच येतो. म्हणूनच दीर्घकाळची पाठदुखी आणि न सरणारा थकवा या दोन तक्रारींत व्यायामाचे स्थान काय, याचा विचार येथे करू.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

“दिवसभर शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?” असा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. श्रमात त्याच स्नायूंवर तोच ताण शेकडो वेळा पडतो, आणि थांबायचे केव्हा हे शरीर नव्हे तर काम ठरविते. व्यायामात हालचाल मोजकी असते, मध्ये विश्रांती असते आणि कामात दुर्लक्षित राहिलेले पोटाचे व नितंबाचे स्नायूही बळकट होतात.

पाठदुखी : अंथरुण हा उपाय नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यास दीर्घकालीन म्हणतात. यातील बहुसंख्य रुग्णांत गंभीर कारण सापडत नाही. तरीही “मणक्यात गॅप आला” हे शब्द कानी पडताच रुग्ण धास्तावतो, हालचाल टाळतो, आणि वापराअभावी स्नायू अधिकच दुबळे होतात. वस्तुतः वयोमानानुसार होणारी मणक्यांची झीज कोणतेही दुखणे नसलेल्या व्यक्तींच्या तपासणीतही आढळते.

ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्या या व्यक्तींपैकी ज्यांनी मार्गदर्शनाखाली क्रमाने चालणे वाढविले, त्यांचे दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. इतरांत हाच काळ ११२ दिवस होता. चालण्यासारखा बिनखर्ची उपाय दुसरा नाही.

थकवा : आधी कारण शोधावे

थकवा हे लक्षण आहे, निदान नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. थायरॉइडची न्यूनता, मधुमेह, बी-१२ची कमतरता, क्षयरोग व नैराश्य ही कारणेही तपासावीत. मध्य भारतात सिकलसेलचा विचार विसरू नये. या रुग्णांत अतिश्रम व शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो.

‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ हा मात्र वेगळा आजार आहे. यात थोड्याशा श्रमानेही सर्व लक्षणे बळावतात. हा त्रास बहुधा लगेच न होता एक-दोन दिवसांनी उफाळतो आणि कित्येक दिवस, आठवडेही टिकतो. झोप होऊनही ताजेतवाने वाटत नाही. अशा रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढविण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली होती. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शनात तीच मान्यता मागे घेतली. आता उपलब्ध शक्तीच्या मर्यादेत राहून कामाची व विश्रांतीची आखणी करणे हे धोरण मानले जाते. पाठदुखीच्या रुग्णास “हालचाल करा” म्हणणे योग्य, पण या रुग्णास “जोर लावा” म्हणणे अपायकारक ठरते.

घरी करता येण्याजोगे व्यायाम

पुढील प्रकार साध्या पाठदुखीसाठी आहेत. प्रत्येक प्रकार पाच वेळा, श्वास न रोखता करावा.

१. उताणे निजून गुडघे दुमडावेत. पोट फुगवीत सावकाश श्वास घ्यावा व सोडावा.
२. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे आणावा, नंतर दुसरा.
३. गुडघे दुमडलेलेच ठेवून कंबर थोडी उचलावी व हळूच टेकवावी.
४. हातापायांवर ओणवे होऊन पाठीची कमान वर करावी, मग खाली करावी.
५. सपाट रस्त्यावर पाच ते दहा मिनिटे चालावे. बोलता येईल एवढाच वेग असावा.

मात्रा बरोबर आहे की नाही, हे दुसरा दिवस सांगतो. किंचित दुखले आणि चोवीस तासांत शमले तर हरकत नाही. आठवड्यानंतर थोडे वाढवावे. दुखणे वाढून राहिले तर मात्रा निम्मी करावी. श्रमानंतर थकवा दिवसेंदिवस टिकत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेचणीच्या दिवसांत घरचा व्यायाम कमी करावा आणि कामात अधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी.

विलंब नको

लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधील भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होणे, ही लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. ताप, घटते वजन, रात्रीचा घाम, पडल्यानंतरचे दुखणे किंवा पूर्वीचा कर्करोग असल्यास तपासणीपूर्वी व्यायाम करू नये. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो.

शेवटी घरच्या मंडळींना व व्यवसायबंधूंना एक विनंती. या दोन्ही तक्रारी बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे रुग्णास, विशेषतः सुनेला, “आळशी” ठरविणे सोपे जाते. त्या शब्दाच्या धाकाने ती शक्तीपलीकडे काम ओढते आणि पुन्हा अंथरुणास खिळते. तिचे म्हणणे ऐकून घेणे, पाण्याची घागर व जड ओझे दुसऱ्याने उचलणे, ठरल्या वेळी तिला दहा मिनिटे मोकळी देणे हाही उपचाराचाच भाग आहे. औषधाची चिठ्ठी लिहिताना व्यायामाचा प्रकार, वेळ आणि मर्यादा त्याच कागदावर लिहून द्यावी. “थोडा व्यायाम करा” एवढ्या मोघम वाक्याने कोणाचेही भले होत नाही.