पाहुण्यांच्या घराभोवतीचे आगर : निगा व पाण्याचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरील अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण इत्यादी तालुक्यांत अनेक बागायतदार कुटुंबे आपल्या घरातील दोन-चार खोल्या सुटीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देतात. न्याहारी व निवास योजनेमुळे या जोडधंद्यास चालना मिळाली आहे. अशा घरी पाहुणा येतो तो केवळ खोलीसाठी नव्हे. नारळी-पोफळीची सावली, स्वच्छ अंगण आणि झाडावरून उतरविलेले ताजे शहाळे यांसाठी तो शहर सोडून येतो. नवी खोली काही महिन्यांत उभी करता येते; बाणावली जातीचा माड फळावर येण्यास मात्र सहा-सात वर्षे लागतात. यास्तव घराभोवतीचे आगर हेच या धंद्याचे खरे भांडवल होय. ते राखून पाहुण्यांची सोय कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

मुख्य अडचण

कोकणात पाऊस विपुल पडतो. पण तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाहुण्यांची गर्दी असते ती दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे घर जेव्हा माणसांनी भरलेले असते, नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. झाडांनाही पाण्याची अधिक गरज याच दिवसांत असते. पाहुण्यांच्या घरची बाग बिघडते ती बहुधा या एका कारणाने. माळी नेमून किंवा शोभेच्या कुंड्या आणून ही उणीव भरून निघत नाही. त्यासाठी प्रथम पाण्याचा हिशेब मांडावयास हवा.

पाण्याचा हिशेब

फळावर आलेल्या माडास उन्हाळ्यात दररोज सुमारे ४० ते ५० लिटर पाणी लागते. वीस माडांच्या आगरास म्हणून ८०० ते १,००० लिटर पाणी हवे. घरात दहा पाहुणे असून प्रत्येकास १०० लिटर पाणी लागते असे धरल्यास आणखी १,००० लिटर होतात.

आता शहरातील बंगल्याप्रमाणे अंगणात हिरवळ लावली, तर काय होते ते पाहावे. उन्हाळ्यात हिरवळीस दर चौरस मीटरला दररोज चार ते पाच लिटर पाणी लागते. वीस मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे २०० चौरस मीटर हिरवळ ८०० ते १,००० लिटर पाणी पिते. वीस माड जितके पाणी घेतात, तितकेच ही हिरवळ घेते. आणि तिच्यापासून एक नारळही मिळत नाही.

जादा पाण्यासाठी मग पंप अधिक वेळ चालविला जातो. समुद्रालगतच्या विहिरीत असा अतिउपसा झाल्यास गोड्या पाण्याची पातळी खाली जाऊन खारे पाणी आत शिरते व विहीर मचूळ होते. थोडा खारेपणा माड सहन करतो; पोफळी व जायफळ यांना तो मानवत नाही. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न उभा राहतो. शिवाय शेजाऱ्याची विहीर जवळच असल्याने एका घरच्या उपशाचा त्रास दोघांना भोगावा लागतो. हिरवळ हवीच असेल, तर ती पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या गवताची, नियमित कापून राखलेली असावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडली तरी चालेल.

अंगण व शोभेची झाडे

हिरवळीऐवजी सारवलेले किंवा चोपून घट्ट केलेले अंगण ठेवावे. ये-जा करण्याच्या वाटेवर चिरे बसवावेत व त्यांच्या सांध्यांत माती राहू द्यावी. सर्व परिसर सिमेंटने बंद करू नये. माडाची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून सुमारे दोन मीटरच्या आत असतात. त्यांवर सिमेंट चढले म्हणजे पाणी, खत व हवा या तिन्ही गोष्टी तुटतात, आणि झाड हळूहळू निस्तेज होते.

शोभेसाठी बोगनवेल, जास्वंद, अबोली, सोनचाफा अशी कोकणात रुळलेली झाडे निवडावीत. बोगनवेल कमी पाण्यावर तगते व समुद्री वाराही सोसते. पिवळी कण्हेर मात्र पाहुण्यांच्या वावराच्या जागी लावू नये. तिच्या बिया विषारी असून शहरातील मुलांना त्याची कल्पना नसते. गडग्यावर चढलेला खाजकुइलीचा वेल शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावा.

सांडपाणी झाडांना द्यावे

पाहुण्यांनी वापरलेले पाणी वाया जाऊ देऊ नये. दहा जणांचे आंघोळीचे व धुण्याचे पाणी दरडोई ६० लिटर धरले, तरी रोज ६०० लिटर होते. एवढ्यावर बारा ते पंधरा माडांची गरज भागते. मोरीच्या तोंडाशी अळू, केळ व कर्दळ लावण्याची कोकणातील जुनी रीत उत्तमच आहे; पाहुणे वाढले म्हणजे तेवढ्या झाडांना ते पाणी पेलत नाही, इतकेच. त्यासाठी मोरीचे पाणी प्रथम लहान हौदात निवळू द्यावे. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी वाळू व गोट्यांच्या थरातून गाळावे. नंतर पाटाने किंवा नळीने ते पाळीपाळीने वेगवेगळ्या आळ्यांत सोडावे. एकाच झाडास रोज साबणाचे पाणी देऊ नये. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर हे पाणी कदापि घालू नये. शौचालयाचे पाणी यात मिसळू नये. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा.

आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन केल्याने ओलावा टिकतो. नारळाची सोडणे (काथ्याची वरची साल) खोलगट बाजू वर करून आळ्यात पुरावीत. ती पाणी धरून ठेवतात. पाहुण्यांनी पिऊन टाकलेली शहाळी जागोजागी पडू दिली, तर त्यांत पाणी साचून डासांची पैदास होते. तीच फोडून आळ्यात पुरल्यास झाडांना उपयोगी पडतात.

माडाखाली माणसांचा वावर

नेहमीच्या आगरात नारळ पडला तर तो उचलून आणावयाचा, एवढेच काम असते. जेथे मुले खेळतात व माणसे खाट टाकून बसतात, तेथे उंचावरून पडणारा असोला नारळ जीवघेणा ठरू शकतो. दिवाळीपूर्वी, नाताळापूर्वी व एप्रिलच्या आरंभी पाडेल्याकडून तयार नारळ, वाळलेल्या झावळ्या व सुकलेल्या पोयी काढून घ्याव्यात. सहा-सात महिन्यांची शहाळी त्याच वेळी उतरविल्यास पाहुण्यांना देता येतात आणि त्या झाडाखालील जागाही निर्धोक होते. बसण्याची जागा, झोपाळा व वाहने यांसाठी शक्यतो माडाखालची जागा टाळावी.

झाड नीटनेटके दिसावे म्हणून हिरव्या झावळ्या तोडण्याची चूक काही ठिकाणी होते. माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेत पोय येते. हिरवी झावळी तोडणे म्हणजे घडाचा आधार व अन्न काढून घेणे होय.

दिव्यांच्या माळा किंवा झुला टांगण्यासाठी खोडात खिळे ठोकू नयेत. अशा जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा आकर्षित होतो व तेथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. शेंडा झुकेपर्यंत कित्येकदा रोग ध्यानातच येत नाही, आणि असे झाड पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात कोसळण्याची भीती असते. माळा टांगावयाच्या असल्यास स्वतंत्र खांब रोवावेत.

दुसरा शत्रू गेंड्या भुंगा होय. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले म्हणजे त्याचा उपद्रव ओळखावा. तो शेणखताच्या व कुजणाऱ्या कचऱ्याच्या ढिगात वाढतो. पाहुण्यांमुळे घरामागे उष्ट्याखरकट्याचा ढीग वाढला, की भुंगाही वाढतो. हा कचरा खड्ड्यात कुजवावा, खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या नष्ट कराव्यात, आणि कोवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू सम प्रमाणात मिसळून भरावी.

फवारणी कधी करावी

पोफळीवरील कोळे रोग पावसाळ्यात येतो. त्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर फवारतात. १ किलो मोरचूद व १ किलो चुना १०० लिटर पाण्यात, असे त्याचे प्रमाण आहे. मोरचूद व चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावेत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला, तर चुन्याची निवळी आणखी घालावी. फवारणी उन्हाळी पाहुणे गेल्यानंतर करावी. त्या वेळी विहिरीचे तोंड व पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. घरात पाहुणे असताना कोणतेही औषध फवारू नये.

वारा व नवी लागवड

खोलीतून समुद्र दिसावा म्हणून आगराच्या कडेची उंडी व सुरू तोडण्याचा मोह होतो. हीच झाडे रोजचा खारा वारा अडवितात. ती गेली म्हणजे पोफळी व कोवळी रोपे करपू लागतात.

दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. एवढ्या वादळास कोणतीही वारारोधक रांग पुरी पडत नाही, हे खरे. परंतु ज्या आगरात निरनिराळ्या वयाची झाडे आहेत, तेथे नव्याने सर्व उभारण्याची पाळी येत नाही. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी थोडी तरी नवी रोपे लावावीत. माडात साडेसात मीटर अंतर राखावे. मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी व काळी मिरी घेता येते. रत्नागिरीनजीक भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ याच पद्धतीची आहे. मसाल्याचे झाड पाहुण्यांना दाखविता येते आणि त्याचे पीक घरच्या घरी विकता येते.

कामांची वाटणी

जून ते ऑगस्ट : नवी लागवड, कोळे रोगाचा बंदोबस्त, चर व पन्हळी मोकळ्या ठेवणे.
सप्टेंबर-ऑक्टोबर : बेणणी, गवत कापणे, आळी दुरुस्त करणे, दिवाळीपूर्वी पाडप.
नोव्हेंबर ते जानेवारी : आच्छादन, शिंपणास प्रारंभ, गडग्यावरील वेल काढणे, नाताळापूर्वी पाडप.
फेब्रुवारी-मार्च : सांडपाण्याचे हौद व पाट साफ करणे, विहिरीची पातळी मोजून ठेवणे.
एप्रिल-मे : सकाळ-संध्याकाळ शिंपण, एप्रिलारंभी पाडप. इतर कामे पाहुणे जाईपर्यंत थांबवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा घरांना भेट देताना केवळ रोग-किडींची चौकशी करून थांबू नये. माड किती, पाहुणे किती, विहिरीस पाणी किती, हे तीन आकडे मालकाकडून मार्च महिन्यातच लिहून घ्यावेत. पाणी कमी पडणार असे दिसले, तर मे महिन्यात एखादी खोली कमी भाड्याने द्यावी, पण माड वाळू देऊ नये, असे त्यास समजावून सांगावे. त्या खोलीचे एका हंगामाचे उत्पन्न पुढील वर्षी भरून निघते. वाळलेला माड भरून येण्यास सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते.